रोझमेरी, बिब्बा आणि चाई : डोक्याला लावायच्या सुगंधी तेलांची गोष्ट

"डॉक्टर, रोझमेरीचं तेल लावलं तर केस येतात का हो?" परभणीच्या ओपीडीत हा प्रश्न आता जवळजवळ रोजचा झाला आहे. विचारणाऱ्यांत कॉलेजची पोरं असतात, बाळंतपणानंतर केस मुठीमुठीने गळताहेत म्हणून घाबरलेल्या लेकी असतात, आणि नातवाच्या डोक्यावरचा चट्टा दाखवायला पाथरी-मानवतकडून आलेले आजोबाही असतात. बऱ्याच जणांच्या पिशवीत ड्रॉपरची छोटी काळी बाटली असते. ती वापरायला सुरुवात आधीच झालेली असते. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो.

एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण या प्रश्नात दोन घोटाळे दडलेले आहेत. 'तेल' या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या वस्तू ठेवतो. आणि 'केस गळणं' या एका नावाखाली दहा-बारा वेगळे आजार. हे घोटाळे आजचे नाहीत, त्यांना मोठा इतिहास आहे. तो एकदा समजून घेतलात तर बाटलीवरची जाहिरात तुमची तुम्हालाच वाचता येईल.

आधी तेलाचं बघू. घरी एक प्रयोग करा. कोऱ्या कागदावर एका बाजूला करडीच्या तेलाचा थेंब टाका, दुसऱ्या बाजूला निलगिरीच्या तेलाचा. तासाभराने करडीचा डाग तसाच तेलकट राहिलेला दिसेल, निलगिरीचा बहुतेक उडून गेलेला असेल. पहिलं तेल म्हणजे स्निग्ध पदार्थ, चरबी. बिया दाबून घाण्यातून काढलेला. दुसरं उडनशील तेल. पानं, फुलं, साल वाफेवर ऊर्ध्वपातन करून गोळा केलेला झाडाचा वास. इंग्रजीत ज्याला इसेन्शिअल ऑइल म्हणतात ते हे. त्यात स्निग्धता जवळजवळ नसते. आणि ते फार तीव्र असतं : शेकडो किलो हिरवं गवत भट्टीत घातलं की हाती एखाद-दुसरा किलो तेल येतं.

लोण्यापासून माक्याच्या तेलापर्यंत

आपल्या भागात डोक्याला लावायची वस्तू शतकानुशतकं पहिल्या प्रकारची होती. संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात जनी तुळशीच्या बनात केस मोकळे करून बसली आहे आणि प्रत्यक्ष विठ्ठल हातात लोणी घेऊन तिचं डोकं चोळतो आहे. देवाच्या हातात सुद्धा अत्तराची कुपी नाही, लोणी आहे, ही मला एक वैद्यकीय नोंदच वाटते. कोरड्या हवेत, उन्हातान्हात राबणाऱ्या बाईच्या डोक्याला जे लागायचं तेच. पुढेही तीळ, करडी, जवस, खोबरेल असंच चाललं. करडी तर मराठवाड्याचं खास पीक. इथल्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचं नावच 'परभणी कुसुम' आहे.

स्निग्ध तेलाने केस तुटायचे कमी होतात, गुंता सुटतो, त्वचा मऊ राहते. नवे केस उगवतात असं मात्र नाही. पण तुटणं कमी झालं की फणीत केस कमी येतात, आणि फणीत केस कमी आले की 'तेल लागू पडलं' असं वाटतं. ही समजूत इतकी जुनी आहे ती काही उगाच नाही, तिच्या मुळाशी खरा अनुभव आहे.

मग माक्याचं तेल? ज्यांच्या घरी आजी ते करायची त्यांना आठवत असेल : माक्याचा रस तिळाच्या तेलात घालून मंद आचेवर, पाण्याचा अंश जाईपर्यंत आटवायचा. आटवताना घरभर वास सुटायचा. तो वास म्हणजे वनस्पतीतलं उडनशील तेलच. वाफेबरोबर उडून चाललेलं. जुन्या वैद्यांना हे नेमकं ठाऊक होतं. म्हणून कापूर, केशर असली सुगंधी द्रव्यं ती तेल उतरवल्यावर, गाळताना, शेवटी घालत. त्याला पत्रपाक म्हणतात. थोडक्यात, आजीचं माक्याचं तेल आणि आजची रोझमेरीची बाटली या एका जातीच्या वस्तू नाहीत. 'आपले पूर्वज हेच लावायचे' हा दाखला इथे चालत नाही.

चाई, आणि ती जाळायची पद्धत

आता केसांचं बघू. डोक्यात किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडतो, त्याला आपण चाई म्हणतो. किडा केस खातो, अशी गावोगाव समजूत आहे. किडा वगैरे काही नसतो. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून केसांच्या मुळांवरच हल्ला करते. मुळं मरत नाहीत, नुसती गप्प बसतात. त्यामुळेच लहानसा चट्टा वर्षभरात कुठल्याही उपचाराशिवाय भरून येणं फार सामान्य आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुश्रुतसंहितेत याच्याशी मिळतंजुळतं वर्णन 'इंद्रलुप्त' या नावाने आहे आणि त्यावरचे उपचार वाचताना अंगावर काटा येतो. शीर सोडून रक्त काढायचं. मनशीळ, हिराकस, मोरचूद मिऱ्यांबरोबर वाटून लेप द्यायचा. चट्टा खरवडून त्यावर गुंजेचा लेप पुन्हा पुन्हा लावायचा. किंवा जाई, कण्हेर, चित्रक आणि करंज घालून कढवलेलं तेल चोळायचं. नंतरच्या ग्रंथांत बिब्ब्याचा रसही येतो. या यादीतली बरीचशी द्रव्यं पाहा : मिरे, गुंज, कण्हेर, चित्रक, बिब्बा. पोषण करणारी नाहीत, चेतवणारी, जाळणारी आहेत. मागची कल्पना सरळ होती. त्वचा लाल केली की तिथे रक्त धावतं आणि गप्प बसलेलं मूळ जागं होतं. गावात आजही चाईवर लसूण घासतात, बिब्बा लावतात, ते याच कल्पनेचं शेपूट.

ही कल्पना पूर्ण खुळचट होती असं मी म्हणणार नाही. १९७० च्या दशकात पाश्चात्त्य त्वचारोगतज्ज्ञांनी चाईवर डीएनसीबी नावाचं रसायन लावून मुद्दाम ॲलर्जी उठवायला सुरुवात केली आणि काही जणांचे केस परत आले. ते रसायन सुरक्षित नसावं अशी शंका आल्यावर ते मागे पडलं. त्याच्या जागी आलेलं डायफेनसायप्रोन मोठ्या चाईसाठी आजही वापरतात. संरक्षणव्यवस्थेचं लक्ष दुसरीकडे वळवलं जातं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. बिब्ब्यातलं जळजळीत द्रव्य हेही असंच जबर ॲलर्जी उठवणारं आहे.

फरक आहे तो मात्रेचा. दवाखान्यात हे रसायन अतिशय पातळ करून, आठवड्याला एकदा, त्वचेकडे बघत बघत वाढवत नेतात. बिब्ब्याला मात्राच नाही. डोक्यावर बिब्बा उतून आलेली, फोड फुटून व्रण पडलेली मुलं मी पाहिली आहेत. चाईचा चट्टा कदाचित आपोआप भरला असता. व्रण पडला तिथे मूळच मेलं, तिथे केस आता कधीच येत नाहीत. लसणाचंही तेच. तो रात्रभर फडक्याने बांधून ठेवला की खरोखर भाजल्यासारखी जखम होते.

खानदेशातलं रोशाचं तेल

उडनशील तेलं आपल्याला नवी नव्हती, पण त्यांचं काम वेगळं होतं. कनौजला तांब्याच्या डेगेतून अत्तर निघायचं ते अंगाला, कपड्यांना लावायला. आपल्या महाराष्ट्राचं स्वतःचं उडनशील तेल म्हणजे रोशाचं. खानदेशात, विशेषतः नंदुरबार-तळोद्याच्या डोंगराळ भागात, पावसाळा संपता संपता रोशा गवताला तुरे आले की ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या. तेल मुंबईला जायचं, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांकडे, आणि पुढे थेट कॉन्स्टँटिनोपलला. तिकडे त्याचा उपयोग काय, तर बल्गेरियाच्या महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ! दोन्हींत जिरॅनिऑल हे एकच द्रव्य असल्याने भेसळ सहज खपायची. युरोपच्या बाजारात या तेलाला 'तुर्की जिरॅनियम' असं नाव पडलं होतं. त्यात ना तुर्कस्तानचं काही होतं ना जिरॅनियमचं. सुगंधी तेलांच्या धंद्यात बाटलीवरचं नाव आणि आतला माल यांचं नातं तेव्हापासूनच जरा सैल आहे. आज शंभर-दीडशे रुपयांना 'शंभर टक्के शुद्ध' म्हणून बाटली घेताना हे आठवत जा.

याच रोशा तेलाचा औषधी उपयोग इंग्रजी अमदानीपासूनच्या औषधीग्रंथांत नोंदलेला आहे. मुख्य उपयोग सांधेदुखीवर चोळण्याचा. त्यासोबत टकलावर लावण्याचाही. पुन्हा तीच चेतवण्याची कल्पना, गुंजेऐवजी गवताचा अर्क. ती कुणी तपासून मात्र पाहिली नाही. एका गटाला तेल, दुसऱ्याला नुसतं खोबरेल आणि सहा महिन्यांनी केस मोजायचे, ही पद्धतच तेव्हा रूढ नव्हती.

निजामी मुलखात वाढलेल्यांना उडनशील तेलाची आणखी एक ओळख आहे. १९२० पासून हैदराबादेत तयार होणारं झिंदा तिलिस्मात मराठवाड्यातल्या कित्येक घरांत असायचं. त्यात मुख्यतः निलगिरीचं तेल. सर्दी-डोकेदुखीला ते थेंबाने वापरायचं, बाटलीने नाही, हे न शिकलेल्या आजीलाही माहीत होतं. रोझमेरीच्या बाबतीत ही थेंबाची अक्कल कुठे गेली कोण जाणे.

केसांच्या सुगंधी तेलाचा खरा बाजार उभा केला तो जाहिरातींनी, आणि त्यात बंगाल पुढे होता. कलकत्त्याच्या 'कुंतलीन' तेलाच्या मालकांनी तर कथास्पर्धाच ठेवली होती. १८९६ साली त्यात बक्षीस मिळालं जगदीशचंद्र बोस यांना, होय, तेच शास्त्रज्ञ. कथेत केसांच्या तेलाची बाटली समुद्रात ओतली आणि वादळ शमलं. त्यांनी निदान ती विज्ञानकथा म्हणून लिहिली होती.

अ‍ॅबरडीन, १९९८

फ्रान्समध्ये गातफोसे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली 'अरोमाथेरपी' हा शब्द आपल्या पुस्तकाला दिला आणि सुगंधी तेलांना उपचाराचा दर्जा मिळू लागला. केसांच्या बाबतीत पहिली धड चाचणी व्हायला मात्र १९९८ साल उजाडलं. ती झाली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या त्वचारोग विभागात. तपशील नीट वाचा, कारण आजची निम्मी जाहिरात यावर उभी आहे.

चाई असलेल्या ८४ जणांचे दोन गट केले. एका गटाला थाइम (ओव्याच्या वासाची एक विलायती वनस्पती), रोझमेरी, लव्हेंडर आणि सीडर या चार उडनशील तेलांचं मिश्रण, जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात कालवून. दुसऱ्या गटाला नुसतं जोजोबा आणि द्राक्षबियांचं. रोज रात्री किमान दोन मिनिटं मालीश, वरून कोमट टॉवेल, असं सात महिने. पहिल्या गटात ४३ पैकी १९ जणांना फायदा झाला, दुसऱ्यात ४१ पैकी ६ जणांना. म्हणजे ४४ टक्के आणि १५ टक्के.

आकडे चांगले आहेत, मी ते नाकारत नाही. पण तीन गोष्टी बघा. पहिली, मिश्रणात चारही सुगंधी तेलं मिळून साधारण दोन टक्के होती : सुमारे २३ मिली साध्या तेलात एकूण दहा थेंब. दुसरी, वासामुळे आपण कुठल्या गटात आहोत याचा अंदाज रुग्णाला येऊ शकतो. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : हे सगळे चाईचे रुग्ण होते. कपाळ मागे सरकत जाणं, टाळू विरळ होणं, हे जे आनुवंशिक टक्कल, त्याचा एकही माणूस या चाचणीत नव्हता. चाईत मूळ गप्प बसलेलं असतं. आनुवंशिक टकलात ते हार्मोनच्या परिणामाने वर्षानुवर्षं बारीक होत जातं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. जाहिरातीत मात्र चाईचा आकडा आणि टकलाचा फोटो शेजारी शेजारी असतात.

आनुवंशिक टकलावर रोझमेरीची चाचणी झाली ती इराणमध्ये, २०१५ साली प्रसिद्ध झाली. शंभर पुरुष, पन्नास जणांना रोझमेरीचं लोशन, पन्नास जणांना २ टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी दोघांतही फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस थोडे वाढलेले, खाज मिनॉक्सिडिलच्या गटात जास्त. 'रोझमेरी मिनॉक्सिडिलच्या तोडीची' ही बातमी इथून आली. आता आकडे बघा : रोझमेरीच्या गटात मोजलेल्या जागेतले केस सरासरी १२३ वरून १३० झाले, मिनॉक्सिडिलच्या गटात १३८ वरून १४१. इतका फरक आरशात दिसतही नाही. शिवाय नुसतं साधं लोशन लावलेला तिसरा गट नव्हता. त्यामुळे दोन्ही औषधं सारखी लागू पडली की दोन्ही सारखीच कमी पडली, हे त्यावरून सांगता येत नाही. मिनॉक्सिडिलची गोष्ट वेगळी आहे. ते मुळात रक्तदाबाच्या गोळीच्या रूपात आलं, त्या रुग्णांना अंगभर केस यायला लागले म्हणून त्याचं लोशन झालं, १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी मंजुरी मिळाली, आणि तेव्हापासून साध्या लोशनशी तुलना करून ते पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. रोझमेरीच्या मागे एवढा पुरावा नाही.

बगदादच्या डॉक्टरांनी २००२ साली कांद्याच्या रसाची चाचणी प्रसिद्ध केली होती, तीही चाईवरच : दोन महिन्यांत कांदा लावलेल्या २३ पैकी २० जणांचे केस आले, नळाचं पाणी लावलेल्या १५ पैकी दोघांचे. व्हॉट्सॲपवर ती 'टकलावर रामबाण' होऊन फिरते.

आजार आत असेल तर

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांच्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. तीन-चार दिवसांत माणसांच्या डोक्यावरचे केस हाताने ओढले तरी निघत होते. आधी पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला. पुढे रुग्णांच्या तपासणीत सेलेनियमचं प्रमाण वाढलेलं आढळलं आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. तिथे वरून कुठलंही तेल लावून काय होणार होतं?

रोजच्या ओपीडीतही असंच असतं, फक्त बातमी होत नाही. लेकीचं बाळंतपण होऊन तीन महिने झालेत : ते केस सहसा सहा महिने ते वर्षभरात आपोआप भरतात, त्याआधी लावलेल्या तेलाला फुकटचं श्रेय मिळतं. टायफॉइड, डेंग्यूनंतरचंही तसंच. कुणाचं हिमोग्लोबिन ८ असतं, कुणाचं थायरॉइड बिघडलेलं. लहान मुलाच्या डोक्यावर खवले, तुटके केस आणि खाज असलेला चट्टा असेल तर तो बहुतेक वेळा गजकर्ण असतो. त्याला काही आठवडे पोटातून गोळ्याच लागतात. तेल चोळत बसलं तर तो वाढतो आणि भावंडांनाही होतो. आणि जिथे त्वचा चकचकीत, व्रणासारखी दिसते, आग होते, केसांची छिद्रंच दिसेनाशी होतात, तिथे दर महिन्याला मुळं कायमची मरत असतात. असा रुग्ण सहा महिने रोझमेरी लावून आला की माझ्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

हे सगळं वाचूनही लावायचंच असेल, निदान झालेलं असेल आणि चाई लहान असेल किंवा टक्कल नुकतं सुरू झालं असेल, तर माझी फार हरकत नाही. मात्र मात्रा पाळा : चहाच्या एका चमच्याला, म्हणजे ५ मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलाला, दोन थेंब. त्याहून जास्त नाही, आणि बाटलीतलं थेट डोक्यावर तर कधीच नाही. आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. लाल झालं, खाजलं तर सोडून द्या. बाटली घट्ट बंद, अंधारात ठेवा. हवा लागून जुनी झालेली लव्हेंडरसारखी तेलं ॲलर्जी जास्त उठवतात. लिंबू-संत्र्याच्या जातीची तेलं लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडू शकतात. डोक्यात जखम, पुरळ असेल तर नको. गरोदरपणात नको.

घरात कुणाला फिट येत असतील तर ही तेलं आणताना आधी विचारा. कापूर आणि निलगिरीच्या तेलामुळे, अगदी बाम चोळल्यानेही, फिट आल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत, आणि रोझमेरीत हीच दोन प्रमुख द्रव्यं असतात. बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका; चमचाभर पोटात गेलं तरी धोका असतो.

लावायला सुरुवात करायच्या दिवशी भांग पाडून, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला काढत राहा. चट्टा वाढतोय, नवा चट्टा पडतोय, भुवया किंवा दाढी विरळ होतेय असं दिसलं तर सहा महिने थांबू नका, लगेच या. येताना ती बाटलीही घेऊन या. मागच्या लेबलवरचं बारीक अक्षर आपण मिळून वाचू.